गाण्याचं नाव नको, जागा सांगा

दुसरा_अंतरा:

लोकहो,

'आवडतं गाणं कोणतं' असा धागा निघाला की दोन दिवसांत तीनशे नावं जमतात आणि ती यादी कुणीही वाचत नाही. मीही नाही. आपलं गाणं आलंय का तेवढं बघायचं, असेल तर '+१' टाकायचं आणि पुढे. म्हणून या धाग्याला अट आहे. गाण्याचं नाव लिहायचं नाही, गायकाचं तर अजिबात नाही. जागा सांगायची. 'काय जागा घेतलीय' म्हणतो ना आपण, ती. हरकत किंवा मुरकी, म्हणजे गळ्यातून काढलेली बारीक नक्षी, तीच हवी असं नाही. गाण्यातला कुठलाही क्षण चालेल, जो आला की हातातलं काम आपोआप थांबतं. आणि तो कशावर ऐकता, मागे नेऊन नेऊन ऐकता की येईपर्यंत वाट बघता, तेही लिहा.

माझी जागा म्हणजे दुसऱ्या अंतऱ्याआधीचा श्वास. व्हायोलिन थांबतात, ठेका एक मात्रा एकटाच चालतो आणि बाई श्वास घेतात. घाईचा, अर्धा, जरासा उशीर झाल्यासारखा. पहिल्या अंतऱ्याआधीही घेत असणारच, पण तिथे बासरी चालू असते, त्यामुळे कळत नाही. हे गाणं मी लहानपणापासून कॅसेटवर ऐकत आले. त्यातले शब्द मला आजही धड येत नाहीत, तिसऱ्या ओळीत काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेते. श्वास मात्र बरोब्बर त्यांच्यासोबत घेते.

मागच्या महिन्यात हेच गाणं फोनवर लावलं. नावापुढे 'रिमास्टर्ड' असं लिहिलेलं. खरखर गेलेली, सगळं लख्ख, ठेक्यातली बोटं वेगळी ऐकू यावीत इतकं. दुसरा अंतरा जवळ आला, मी श्वास घेतला आणि बाईंनी घेतलाच नाही! थेट अंतरा. पाच वेळा मागे नेलं. हेडफोन बदलले. नाही म्हणजे नाही. त्या जागी नुसती शांतता, तीही साधी नाही, कुणीतरी दार लावून घेतल्यासारखी.

हा श्वास गेला कुठे, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुमची जागा कोणती?


फितीचा_गुंता:

ताई, तुमच्या श्वासाचा मारेकरी बहुधा 'नॉइज गेट'. जुनी फीत साफ करताना एक पातळी ठरवून देतात. आवाज त्या पातळीखाली गेला की फाटक बंद. खरखर अडकते, पण फाटकाला खरखर कोणती आणि श्वास कोणता हे कळत नाही, दोन्ही बारीकच. तुम्ही 'दार लावून घेतल्यासारखी' लिहिलंय ते म्हणूनच पटलं. कधी कधी संपादक हातानेसुद्धा श्वास कापतात, त्यांना ती घाण वाटते.

एमपीथ्रीचा दोष असता तर वेगळं ऐकू आलं असतं. एमपीथ्रीसारख्या पद्धतीत जे आवाज दुसऱ्या मोठ्या आवाजाच्या आड झाकले जातात ते आधी टाकून देतात. तुमच्या श्वासाआधी तर व्हायोलिन थांबलेले आहेत, झाकणार कोण?

आता माझी जागा. ती गाण्यात नाहीच, गाण्याच्या आधी आहे. मी बाजूच्या बाजू ऐकणारा माणूस. कॅसेट लावली की ए बाजू संपेपर्यंत उठत नाही, मधलं नावडतं गाणंही सोसतो. दोन गाण्यांमधल्या शांततेत कान देऊन बसलं की पुढच्या गाण्याची पहिली ओळ अगदी पुसट, लांबून हाक मारल्यासारखी ऐकू येते आणि मग दोन-एक सेकंदांनी गाणं खरंच सुरू होतं. लहानपणी वाटायचं, हे फक्त मलाच ऐकू येतं. नंतर कारण कळलं. फीत रिळावर गुंडाळलेली असताना एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडंसं उमटतं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, त्यामुळे एक वेढा उलगडायला रिळाच्या जाडीप्रमाणे दीड ते तीन सेकंद लागतात. तेवढं आधी ते भूत बोलतं. स्टुडिओवाले मोठी रिळं शेवटचं टोक बाहेर ठेवून, म्हणजे उलटी गुंडाळून ठेवायचे, ते यासाठीच. मग भूत आधी न येता मुख्यतः नंतर येतं आणि गाण्याखाली दबून जातं.

एलपीवरही असतं, पण तिथलं कारण वेगळं. शेजारच्या खाचेची भिंत किंचित दबलेली असते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची, आणि भूत नेमकं तेवढंच आधी येतं. घड्याळ लावून बघा.


शफलवाली:

मी या धाग्यावर शोभत नाही बहुतेक, पण लिहितेच. माझी एकच प्लेलिस्ट आहे, दोन हजार नऊशे गाण्यांची, आणि ती कायम शफलवर असते. अर्धी गाणी दहा सेकंदांत पुढे ढकलते. शिव्या घाला.

माझी जागा दोन गाण्यांच्या सांध्यावर आहे. 'क्रॉसफेड' चालू असतं माझं, एक मावळताना दुसरं उगवतं. एकदा एका गाण्याच्या शेवटचा बारीक होत जाणारा पियानो आणि पुढच्या गाण्याची सुरुवातीची सारंगी एकाच पट्टीत आली. पाच-सहा सेकंद दोघं एकत्र वाजत होते, जणू ठरवून. दोन गाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, भाषासुद्धा वेगळी. त्यानंतर दोन्ही मुद्दाम पाठोपाठ लावून बघितली. वाजतं तसंच, पण मजा नाही, कारण मला माहीत असतं.

शफल शफल म्हणतो ते नेहमीच खरं शफल नसतं, हे तुम्हाला माहीत आहे का? खऱ्या यादृच्छिक क्रमात एकाच गायकाची तीन गाणी लागोपाठ येऊ शकतात आणि मग लोक म्हणतात, शफल बिघडलंय. स्पॉटिफायने २०१४ मध्ये जाहीर सांगितलं होतं की म्हणूनच ते तेव्हा एका गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब पसरवत होते. म्हणजे योगायोग वाटावा म्हणून योगायोग कमी केला होता.


सगळंच_आवडतं:

मला जुनी सगळीच गाणी आवडतात, हल्लीच्या गाण्यांत ती मजा नाही. दुसरा_अंतरा, तुमचं गाणं कोणतं ते सांगा ना, म्हणजे आम्हालाही ऐकता येईल.


दुसरा_अंतरा:

अट वाचा हो. :) नाव सांगितलं की तुम्ही गाणं ऐकाल, जागा नाही.

फितीचा_गुंता, भुताचं वाचून काल रात्री कॅसेटचा डबा उघडला. ती कॅसेट आहे. प्लेअरही आहे, पण पाच वर्षं बंद पडून. कळवते.


मंद्र:

थोडा विरोध नोंदवतो. जागा जागा करत ऐकणं म्हणजे पुस्तकातली अधोरेखित वाक्यं तेवढी वाचणं. मी रात्री दिवे मालवून, जमिनीवर आडवा पडून, एक राग अख्खा ऐकतो. पन्नास मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. ज्या जागेला मी 'वा' म्हणतो ती चाळिसाव्या मिनिटाला येते, आणि तीच चार सेकंद कापून कुणाला ऐकवली तर समोरचा म्हणेल, बरं मग? निषाद लागला एवढंच ना? पण त्या निषादाला आधीची चाळीस मिनिटं टाळलेलं असतं. ते टाळणं ऐकलेलं नसेल तर पोहोचण्याचं काय कौतुक?

मात्र एक कबूल करतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं, जास्तीत जास्त साडेतीन मावायची. त्या काळच्या गवयांनी तेवढ्यात अख्खा राग उभा केलाय. ती ध्वनिमुद्रणं म्हणजे जागाच जागा, मधे मोकळं काही नाही. ती ऐकतानाही मी आडवाच पडतो, पण तबकडी लगेच संपते आणि उठून बसावं लागतं.


अर्धाकान:

पहिल्यांदाच लिहितोय. मला जन्मापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही.

यामुळे गाण्यांच्या बाबतीत काय होतं ते दोन्ही कानांनी ऐकणाऱ्यांना सहसा सुचत नाही. स्टिरिओ नवीन होतं तेव्हाच्या काही रेकॉर्डिंगमध्ये गायक अख्खा एका बाजूला आणि वाद्यं अख्खी दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. हेडफोन घातला की मला एक तर साथीशिवाय गाणं किंवा गाण्याशिवाय साथ. मी काय करायचो, एकदा हेडफोन सरळ घालून गाणं ऐकायचं, मग उलटा घालून तेच गाणं पुन्हा ऐकायचं आणि दोन्ही डोक्यात एकमेकांवर ठेवायची. अगदी जुळायची नाहीत. माझ्या डोक्यातला तबला गायकाच्या थोडा मागे असायचा.

फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीत, 'मोनो ऑडिओ' असतं हे मला फार उशिरा कळलं. दोन्ही बाजू एक करून दोन्हीकडे तेच वाजतं. ते चालू केलं आणि माझं नेहमीचं गाणं लावलं. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीखाली एक मेंडोलिन आहे! ओळ संपली की तीन सूर, उतरते, मग गप्प. उलट्या हेडफोनने ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण नुसतं ऐकताना तीन सुटे सूर वाटायचे. कुणीतरी वाद्य लावून बघतंय असं. ते उत्तर आहे हे कळायला प्रश्न त्याच वेळी ऐकू यायला लागतो.

ती माझी जागा. मागे नेऊन ऐकत नाही, वाट बघतो.


शफलवाली:

अर्धाकान, तुमचं वाचून मी माझ्या फोनवर ते मोनो चालू करून बघितलं. काही गाणी चपटी झाली, पण एकात मागचं गाणारं माणूस पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. थँक यू.


मंद्र:

अर्धाकान, माझा वरचा प्रतिसाद तुमच्यापुरता मागे घेतो.


दुसरा_अंतरा:

वृत्तांत.

प्लेअर चालू झाला. आतला रबरी पट्टा सैल पडलाय, त्यामुळे फीत हळू धावते आणि बाईंचा आवाज जवळजवळ एक सूर उतरलेला. कुणी त्यांच्या थोरल्या बहिणीला गायला बसवल्यासारखं वाटलं. दुसरा अंतरा आला, ठेका आला आणि श्वास... होता, पण बोळा घातल्यासारखा. नुसतं 'हं'. जीव थोडा थोडा झाला. इतकी वर्षं मी नसलेल्याच गोष्टीसोबत श्वास घेत होते की काय?


फितीचा_गुंता:

घाबरू नका. श्वास म्हणजे जवळजवळ सगळा वरच्या पट्टीतला सळसळाट, आणि जुन्या प्लेअरवर आधी तोच मरतो. क्रमाने करा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो भाग, पुसा, तपकिरी निघणं थांबेपर्यंत. वाळू द्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडलेली फीत चिकटलेली असते. मग हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू दिसेल. कॅसेट वाजत असताना तो केसभर फिरवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. हेड फितीला काटकोनात आलं की खरखर एकदम स्वच्छ, धारदार होते. खरखर जिथे सगळ्यात जास्त ऐकू येईल तिथे थांबा. हो, जास्त. तुम्हाला हवं ते त्याच भागात राहतं. पट्टा मात्र नवाच टाका.

आणि कॉम्प्युटरवर घेताना 'खरखर काढा' असं बटण दिसेल. हात लावलात तर बघा.


दुसरा_अंतरा:

पट्टा बदलला. स्क्रू केसभर म्हणालात, मी पाव केसभर फिरवला.

आहे. श्वास आहे. आठवणीत होता त्यापेक्षा लहान आहे आणि अगोदर, इतकी वर्षं मी त्यांच्यामागून घेत होते. आणखी एक गोष्ट, जी मला कधीच कळली नव्हती. श्वासाच्या अगदी शेवटी कागद हलल्याचा आवाज आहे. गाण्याचा कागद असणार, पान उलटलं असेल. मी तीन वेळा ऐकलं, मग बहिणीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, खरखर आहे. पण कागदच आहे.

खरखरीसकट कॉम्प्युटरवर घेतलंय. चार सेकंदांचा तुकडा वेगळा काढलाय, गाणं ओळखू येणार नाही असा. शफलवाली, तुला मेसेजमध्ये पाठवलाय. अर्धाकान, तुम्हालाही, मोनोच आहे.


शफलवाली:

ऐकलं. सात वेळा, शफलशिवाय.

बाय द वे, स्पॉटिफायवर गाणं किमान तीस सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. म्हणजे तुझी जागा कुठेच मोजली जाणार नाही.

कागदच आहे.