कॅरोलिना मारिन : गुडघ्यांनी साथ दिली असती तर?

डावखुरीची_आई

मंडळी, आमच्या घरात एका गोष्टीवरून रोज जेवताना वाद चाललाय, इथे जाणकार लोक आहेत म्हणून विचारते. लेक चौदाची आहे, डावखुरी, डिस्ट्रिक्ट लेव्हलला बॅडमिंटन खेळते आणि कॅरोलिना मारिनची प्रचंड फॅन. तिच्या बाबांचं म्हणणं असं की मारिन मोठी प्लेयर आहे यात वाद नाही पण ऑल टाइम ग्रेट वगैरे नाही, ऑलिंपिकचं मेडल एकच, चीनच्या झांग निंगने लागोपाठ दोन ऑलिंपिक गोल्ड घेतली तिच्या पंगतीला हिला कसं बसवायचं. लेकीचं म्हणणं की गुडघे तीनदा गेले नसते तर टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे मेडल होतं.

मला बॅडमिंटन कळतं ते सायना-सिंधूपुरतंच. पण पॅरिसची ती सेमीफायनल मी लेकीबरोबर लाइव्ह बघितली, मारिन पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे, आणि अचानक गुडघा धरून खाली. मग गुडघ्याला ब्रेस लावून परत उभी राहिली, दोन पॉइंट खेळायचा प्रयत्न केला आणि कोर्टवरच हमसून हमसून रडली. लेक तर त्या दिवशी जेवलीच नाही.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. स्पेनमधे बॅडमिंटन कोण खेळतं, तिथून ही एवढ्या वर कशी आली? आणि हे गुडघ्याचं तिच्या खेळण्याच्या पद्धतीमुळे झालं का? कारण लेक तिची सगळी स्टाईल उचलतेय, उड्या, ओरडणं सगळं, आणि मला आता भीती वाटायला लागलीय.

आडवा_स्मॅश

ताई, वादात लेकीची बाजू बरोबर आहे. वर्ल्ड चॅम्पियनशिपचं महिला एकेरीचं गोल्ड तीन वेळा जिंकणारी मारिन पहिली, २०१४, २०१५ आणि २०१८. चीनने एवढ्या भारी भारी पोरी तयार केल्या, त्यांच्यातल्या एकीलाही तोपर्यंत तीन जमली नव्हती. ऑलिंपिकचं म्हणाल तर १९९२ ला बॅडमिंटनची मेडल्स सुरू झाली तेव्हापासून महिला एकेरीचं गोल्ड आशियाबाहेर गेलंच नव्हतं. आधी इंडोनेशियाची सुसी सुसांती, मग कोरियाची बँग सू ह्यून, त्यानंतर सलग चार वेळा चीन. २०१६ ला रिओत ती साखळी मारिनने तोडली. एकच मेडल आहे हे खरं, पण ते कुठलं आहे हेही बघा ना.

२०१४ ची कोपनहेगनची वर्ल्डची फायनल तर मी अजून विसरलो नाही. समोर ली शुएरुई, लंडन ऑलिंपिकची गोल्ड मेडलिस्ट. मारिन २१ वर्षांची, फायनलला येईल असंही कुणी धरलं नव्हतं. पहिला गेम १७-२१ गेला, पुढचे दोन २१-१७, २१-१८ काढले. त्याआधी युरोपची मुलगी वर्ल्ड चॅम्पियन झाली होती ती १९९९ ला, डेन्मार्कची कॅमिला मार्टिन, म्हणजे मधे पंधरा वर्षं कोणी नाही, आणि डेन्मार्कमधे तर बॅडमिंटन गल्लोगल्ली खेळतात.

आणि आपल्या लोकांना ती का टोचते ते सांगतो. २०१५ ऑल इंग्लंड फायनल, सायना पहिला गेम जिंकली होती, मारिनने पुढचे दोन २१-१४, २१-७ घेतले. त्याच वर्षी जकार्ताला वर्ल्डची फायनल, पुन्हा सायना, पुन्हा मारिन. मग रिओ ऑलिंपिक, सिंधू. मग २०१८ नानजिंगची वर्ल्ड, पुन्हा सिंधू. भारतीय महिला बॅडमिंटनच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या फायनल्स आणि चारही वेळा पलीकडे एकच बाई उभी. ज्या काळात आपल्या दोघी सगळ्यात भारी खेळत होत्या त्या काळात त्यांना अडवणारी ही होती, तिला छोटी म्हटलं तर आपण सायना-सिंधूलाच छोटं करतो असं मला मनापासून वाटतं.

रिओची फायनल परत बघा जमलं तर. पहिल्या गेमला सिंधू १६-१९ मागे होती, तिथून सलग पाच पॉइंट घेऊन २१-१९. अख्खा देश टीव्हीसमोर उड्या मारत होता. दुसरी कुणी असती तर त्या धक्क्यातून सावरायला वेळ लागला असता, मारिनने दुसरा गेम २१-१२ ने उरकला. तिसऱ्यात ६-१ पुढे गेली, सिंधूने ओढून १०-१० केलं आणि तिथेच मॅच फिरायला हवी होती पण नाही फिरली, २१-१५. मारिनचं सगळं कसब वेळेत आहे. स्वतःला लय सापडली की पॉइंट संपला रे संपला पुढच्या सर्व्हिसला तयार, समोरचीला लय सापडली की टॉवेल, घाम पुसणं, शटल बदलून मागणं, कोर्टवर एक चक्कर. सिंधूसारख्या उंच मुलीला लांब रॅलीत स्थिरावायला दोन सेकंद लागतात, ती दोन सेकंद मारिन देतच नाही.

रेषेवरचं_शटल

खेळ मान्य, शंभर टक्के मान्य. पण हे जे "कसब" म्हणताय त्यातलं निम्मं मला खिलाडूपणात बसत नाही. प्रत्येक पॉइंटला कानठळ्या बसतील असं ओरडायचं, समोरची सर्व्हिसला उभी राहिली की हात वर करून थांबवायचं. २०२३ ला डेन्मार्क ओपनच्या सेमीफायनलला सिंधूशी एवढी वादावादी झाली की अंपायरने दोघींना यलो कार्ड दाखवलं. ताई, लेकीने तिचा फोरहँड उचलावा, फूटवर्क उचलावं, हे उचलू नये. जपानच्या ओकुहारा बघा, यामागुची बघा, एक शब्द न बोलता वर्ल्ड चॅम्पियन झाल्या.

आडवा_स्मॅश

@रेषेवरचं_शटल, ओरडण्याबद्दल आपलं कधीच जुळणार नाही, पण एक आठवण करून देतो. गोपीचंद सरांनीच सिंधूला अकॅडमीत सगळ्यांच्या देखत कोर्टवर उभं करून ओरडायला लावलं होतं, तिला अक्षरशः रडू आलं, कारण ती मुळात शांत मुलगी. का लावलं? या लेव्हलला आवाज हा पण खेळाचाच भाग झालाय म्हणून. आणि रिओला मॅच संपल्यावर मारिन जमिनीवर पडून रडत होती तेव्हा तिला मिठी मारायला सिंधूच पलीकडे गेली, तिची खाली पडलेली रॅकेट सुद्धा सिंधूनेच उचलून ठेवली. त्या दोघींमधे काय आहे ते त्या दोघींना माहीत, आपण बाहेरून किती बोलायचं.

माद्रिदकर

स्पेनमधे नोकरीनिमित्त आहे म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. इथे बॅडमिंटन म्हणजे शाळेच्या पीटीच्या तासाला खेळायचा खेळ. फुटबॉल आहे, टेनिस आहे, आणि आता तर जिकडे तिकडे पॅडल (टेनिससारखाच एक खेळ), प्रत्येक सोसायटीत पॅडलचं कोर्ट. बॅडमिंटनचं कोर्ट शोधायचं तर पालिकेच्या स्पोर्ट्स हॉलमधे जाऊन बास्केटबॉलच्या रेषांमधून आपल्या रेषा ओळखायच्या.

मारिन दक्षिणेतल्या वेल्वाची. तिथे देशातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब आहे, रेक्रिएटिव्हो, १८८९ चा. पण त्याच गावात ला ओर्देन नावाच्या सरकारी शाळेचा बॅडमिंटन क्लब आहे आणि तो स्पेनमधला सगळ्यात जबरदस्त क्लब, ही गोष्ट बाहेर फार कुणाला माहीत नसते. लहानपणी ती फ्लामेंको शिकत होती, मैत्रिणीबरोबर बॅडमिंटनला गेली आणि तिथलीच झाली. चौदाव्या वर्षी एकटी माद्रिदला खेळाडूंच्या हॉस्टेलवर राहायला आली (तुमच्या लेकीएवढीच होती बघा).

पुढचं सगळं फर्नांडो रिवास या कोचचं डोकं. देशात तिच्या तोडीची एकही मुलगी नाही, मग सराव कुणाबरोबर करणार? तर मुलांबरोबर. हैदराबादला गोपीचंद अकॅडमीत सकाळी हॉलमधे शिरलं की शेजारच्या कोर्टवर इंटरनॅशनल प्लेयर असतो, चीनमधे तर पन्नास असतात. इथे एका मुलीसाठी फिटनेस ट्रेनर, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट, व्हिडिओ बघून समोरचीचा खेळ फोडून देणारा माणूस, अशी आख्खी टीम बांधली. आपल्याकडे लोक म्हणतात स्पेनमधे सोयी असतील. सोयी होत्या हो, पण त्या सगळ्या एकाच मुलीभोवती होत्या, तिच्या मागे दुसरी कोणी नव्हती, ती हरली की त्या वर्षी देशाचं बॅडमिंटनच हरलं. हे ओझं आशियातल्या कुठल्याच चॅम्पियनने एकटीने उचललेलं नाही.

गावात आता स्पोर्ट्स हॉलला तिचं नाव आहे. २०२४ ला तिला खेळासाठीचा प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास पुरस्कार दिला, इथला फार मानाचा. ऑफिसात पॅडलशिवाय काही न बोलणारी माणसं त्या दिवशी तिच्याबद्दल बोलत होती.

गुडघेवाली_फिजिओ

ताई, दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितेय. माझ्याकडे रोज एसीएलचेच (गुडघ्यातला मुख्य लिगामेंट) पेशंट असतात त्यामुळे मारिनच्या तिन्ही दुखापती मी खूप बारकाईने फॉलो केल्यात.

पहिली २७ जानेवारी २०१९, जकार्ता, इंडोनेशिया मास्टर्सची फायनल, सायनाविरुद्ध १०-४ पुढे असताना. उजवा गुडघा, एसीएल. जरा आधीच ती आपल्याकडे प्रीमियर बॅडमिंटन लीग खेळून गेली होती, पुण्याच्या टीमकडून. आता पुढचं बघा, सप्टेंबरमधे परत कोर्टवर आणि त्याच महिन्यात चायना ओपन जिंकली, फायनलला तैवानच्या ताई त्झू यिंगला हरवून, तेही पहिला गेम गमावल्यावर. आम्ही पेशंटला नऊ महिने म्हणून सांगतो, ही आठच्या आत परत!

मग २०२० मधे तिचे वडील गेले. त्यानंतर २०२१ च्या सुरुवातीला ती जे खेळली ना, माझ्या मते ती तिची सगळ्यात भारी फेज. जानेवारीत थायलंडला लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या, दोन्ही फायनलला ताई त्झू यिंग. मार्चला स्विस ओपनच्या फायनलला सिंधूला २१-१२, २१-५. टोकियोचं गोल्ड हिचंच असं सगळे म्हणत होते आणि मे महिन्यात डावा गुडघा गेला, एसीएल आणि दोन्ही मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातल्या दोन्ही गाद्या. ऑलिंपिक दोन महिन्यांवर! पुढच्या एप्रिलमधे माद्रिदला युरोपियन चॅम्पियनशिपला परत आली आणि जिंकली. २०२३ ला वर्ल्डला सिल्व्हर, २०२४ ला ऑल इंग्लंड, स्विस ओपन, सातवं युरोपियन टायटल. मग पॅरिस, उजवा गुडघा पुन्हा.

आता का झालं. बॅडमिंटनमधे एसीएल जास्त करून जातो तो मागच्या बॅकहँड कोपऱ्यात, शटल डोक्यावरून फोरहँडने मारायला मागे झेपावतो आणि मग एका पायावर उतरतो तेव्हा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय टेकतो, डावखुऱ्याचा उजवा. शरीराचा सगळा भार मागे जातोय, डोकं पुढच्या शॉटसाठी पुढे निघालंय, आणि त्या एका क्षणाला गुडघा आत पडला की लिगामेंट गेला. मारिन बॅकहँड टाळून डोक्यावरून मारायला जाते, प्रत्येक शटल शक्य तेवढं लवकर घेते, त्यामुळे ती या जागी इतरांपेक्षा जास्त वेळा पोचते. तिच्या ॲटॅकचा थोडा वाटा आहेच यात, नाकारून चालणार नाही. पण त्याशिवाय ती तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झाली नसती हेही तितकंच खरं. आणि मुलींमधे एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुळातच जास्त असतं, वयात येताना तर विशेष जपावं लागतं, चौदा हे नेमकं तेच वय.

घाबरून खेळ बंद करू नका प्लीज. स्टाईल बदलायची पण गरज नाही, उतरायला शिकवा. एका पायावर उडी मारून खाली येताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय की आत वळतोय हे मोबाईलवर स्लो मोशनमधे समोरून शूट करा. मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, एका पायावरचे स्क्वॉट, आणि दमल्यावर उड्यांचा सराव बंद. बहुतेक कोचिंगमधे सेशनच्या शेवटी मुलं थकलेली असताना मल्टीशटल (एकामागून एक भराभर शटल) मागच्या कोपऱ्यात टाकत बसतात, तेवढं कोचशी बोला.

रेषेवरचं_शटल

हे वाचून एक लिहावंसं वाटलं. पॅरिसला मारिन ज्या चीनच्या हे बिंगजियाओशी खेळत होती ना, त्या मुलीने पोडियमवर सिल्व्हर घेताना हातात स्पेनची पिन धरली होती, मारिनसाठी. त्या पोरीनेच त्या ऑलिंपिकमधे आपल्या सिंधूला हरवलं होतं. माझा मारिनच्या ओरडण्यावरचा राग कायम आहे, पण समोरच्या खेळाडू तिला काय मानतात हे त्या पिनवरून कळतं. ब्राँझ इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया तुनजुंगला न खेळताच मिळालं कारण मारिन उभीच राहू शकत नव्हती.

डावखुरीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. फिजिओताई, काल व्हिडिओ काढला, उजवा गुडघा थोडा आत जातोय असं मला तरी दिसतंय, तुम्हाला मेसेजमधे पाठवलाय, सवडीने बघा. मल्टीशटलचं पण अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे, शेवटच्या वीस मिनिटांत, त्यामुळे शनिवारी सरांना भेटतेय. लेकीला लँडिंगचं पटलंय, मारिनचे व्हिडिओ आता ती फक्त पायांकडे बघत बघते.

तिचे बाबा अजून झांग निंगवरच अडलेत. त्यांना एकच मॅच दाखवायची तर कुठली दाखवू? रिओची नको, ती बघताना ते सिंधूसाठीच ओरडणार.

आडवा_स्मॅश

चायना ओपन २०१९ फायनल. गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी झालंय हे आधी सांगा आणि मग लावा. पहिला गेम ताई त्झू यिंग आरामात घेते, २१-१४, तिथे उठून जाऊ देऊ नका.