पुएदे की पोद्रीआ? विनंती करताना नक्की काय म्हणायचं

स्पॅनिश_पुणेकर: स्पॅनिशची ए-टू लेव्हल (नवशिक्यांची दुसरी पायरी) चालूए. काल क्लासमध्ये स्टेशनचा रस्ता विचारायचा होता, मी डोक्यात "सांगू शकाल का" असा विचार करून "मे पोद्रा देसिर दोंदे एस्ता ला एस्तासिओन" म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या पोद्रा नाही, पोद्रीआ. पण "शकाल" हा भविष्यकाळच ना, मग पोद्रा का नको? आणि नुसतं वर्तमानकाळातलं पुएदे ("शकता") म्हटलं तर उद्धट वाटतं का? पुढच्या महिन्यात वालेन्सियाला चाललेय.

क्रियापद_प्रेमी: गोची मराठीमुळेच झालीये. आपण भविष्यकाळ वापरून बोलणं मऊ करतो, "जरा सरकाल का", "चहा मिळेल का". स्पॅनिशमध्ये ते काम कंडिशनल (संकेतार्थी रूप, इथे पोद्रीआ) करतं. पोद्रा चूक नाही, पण ते "तुम्हाला जमेल का" असं वाटतं. दोन्हींचं मूळ एकच, पोदेर (शकणं) मधला ए गळून पोद्र, पुढे ईआ लावायचं. उस्तेद (तुम्ही) ला पोद्रीआ, तू ला (त्यांचंही तूच!) पोद्रीआस. फक्त मधला र खाऊ नका, पोदीआ म्हणजे "शकत होते".

वालेन्सिया_रिटर्न: पुएदे अजिबात उद्धट नाही हो. पहिल्या आठवड्यात मी बारमध्ये "मे पोद्रीआ पोनेर उन काफे कोन लेचे" असं लांबलचक म्हणायचो, आणि शेजारचे आजोबा काउंटरवर कोपर टेकून नुसतं "पोन्मे उन कोर्तादो" (मला एक कोर्तादो दे, म्हणजे थोडं दूध घातलेली कॉफी) म्हणायचे, त्यांना माझ्याआधी कॉफी मिळायची. तिथे "मे पोनेस उन काफे, पोर फावोर" पुरतं. पोद्रीआ ठेवा ऑफिस, अनोळखी वयस्कर माणसं, किंवा मोठं काम सांगायचं असेल तेव्हा.

क्रियापद_प्रेमी: अजून एक, केरेर (हवं असणं). "किएरो" म्हणजे सरळ "पाहिजे". पण आपण "एक विचारायचं होतं", "जरा माहिती हवी होती" म्हणतो ना, काम आत्ताचं असून भूतकाळ? डिट्टो तसंच "केरीआ प्रेगुंतार उना कोसा". हे मला फार आवडतं, इथे मराठी माणसाला काही नवीन शिकायचंच नाहीये. किसिएरा त्याहून जास्त अदबीचं.

स्पॅनिश_पुणेकर: अरे वा, "विचारायचं होतं" एकदम डोक्यात बसलं! मग घरमालकिणीला हे पाठवू का: "ओला, केरीआ प्रेगुंतार सी पोद्रीआ येगार आ लास ओचो" (आठला पोचू शकेन का, विचारायचं होतं)?

क्रियापद_प्रेमी: मस्त. फक्त पोद्रीआ "मी" आणि "तुम्ही" दोघांना सारखंच असतं, तेव्हा आठला कोण येणार ते कळायला आधी "यो" टाका.