‘ये की’ मधला ‘की’

वडगावकर: एका कन्नड गोष्टीचं मराठी करतोय. बाप अंगणातल्या पोराला जेवायला हाक मारतो, ‘बारो!’ मी लिहिलं, ‘ये की रे!’ तपासणाऱ्या पुण्याच्या बाईंनी ‘की’वर काट मारून ‘ये ना रे’ केलं. म्हणे ‘की’ दोनच: ‘चहा की कॉफी’तला आणि ‘तो म्हणाला की’मधला. आमच्या बेळगावकडच्या गल्लीत दिवसभर तिसराच चालतो! ‘ना’ लावला की बाप पोराची मनधरणी करतोय असं वाटतं. काय ठेवू?

निपाणीची लेक: तुमच्याच वाक्यात चौथा बसलाय, ‘ना लावला की’. आणि पाचवा आमच्या आजीचा. आजोबा कुठायत विचारलं की तवा न उतरवता म्हणायची, ‘कुठं की बाई!’ म्हणजे कुणास ठाऊक.

शुद्धमती: ‘तो म्हणाला की’ हा सरळ फारसी ‘के’. ‘येणार असे म्हणाला’ लिहावं, काही अडत नाही.

खानापूरकर: सगळे ‘की’ फारसीच्या खात्यावर टाकू नका. 1290 च्या ज्ञानेश्वरीत ‘कीं’ ठायी ठायी आहे, ‘किंवा’ अर्थानं. तो संस्कृत ‘किम्’च्या घरचा. आणि वाक्य जोडणारा ‘की’ आमच्याकडं तसाही कमीच. आम्ही ‘येतो म्हणून सांगितलाय’ म्हणतो. कन्नडात ‘बर्तीनि अंत हेळ्यान’. ‘अंत’च्या जागी ‘म्हणून’, बाकी ठेवण तीच.

शुद्धमती: म्हणजे फारसी काढून कन्नड आणायची?

खानापूरकर: आणायची कशाला, शेजारीच राहते की!

चिकोडीकर: कुणी ‘ओ’ बघितला का? ‘एल्लो’ म्हणजे ‘कुठं की’, ‘यारो’ म्हणजे ‘कोण की’, ‘अवनो इवनो’ म्हणजे ‘तो की हा’. संशयाला आणि पर्यायाला तिकडं एक ‘ओ’, इकडं एक ‘की’. तेव्हा ‘बारो’तल्या ‘ओ’ला ‘की’च पाहिजे.

निपाणीची लेक: नाही ओ दादा. ‘बारो’ बाप्याला, ‘बारे’ बाईला, मोठ्या माणसाला ‘बर्री’. त्यातला ‘रो’ म्हणजे आपला ‘रे’. ‘ये रे’ एवढ्यात भागतं.

खानापूरकर: अर्थ भागतो, सूर नाही. ‘ये ना’त आर्जव आहे. ‘ये की’त ‘यायला काय झालं तुला’ असतं. ‘जेवलास काय?’ ‘जेवलो की!’ इथं कोण कुणाला विनवतंय?

शुद्धमती: हा सूर नागपूरच्या वाचकाला कळणार कसा? छापील मराठी सगळ्यांची असते.

निपाणीची लेक: सगळ्यांची, फक्त आमची सोडून.

वडगावकर: ‘की’चं बाईंना कळवलंय, उत्तर नाही. तोवर त्यांची दुसरी खूण आली. पोरगं बापाला सांगतं, ‘मी भाकरी खाल्लो.’ तिथं ‘खाल्ली’ करा म्हणतात.

चिकोडीकर: अजिबात करू नका. खाणारा कोण, पोरगा का भाकरी?

शुद्धमती: अहो, व्याकरण नावाची काही गोष्ट असते!