मदत हवी आहे: व्हिडिओवर डीआरएम लावू का? (लवकर सांगा)

पोकळ_बांबू
धडे तयार आहेत, सोमवारपासून विक्री सुरू करायची आहे. डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) लावायचं की नाही, एवढंच ठरत नाहीये. जो प्लॅटफॉर्म घेतोय त्याच्या दोन योजना आहेत, एक साधी आणि एक डीआरएमवाली. दुसरी बरीच महाग आहे. मागच्या वेळी सगळं टेलिग्रामवर फुकट फिरलं, म्हणून विचारतोय. खरंच उपयोग होतो का? वापरलंय त्यांनीच सांगा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा गाठावा ही विनंती.

कोडग्या
कसले धडे? ग्राहक फाइल उतरवून घेणार की साइटवरच बघणार? कायमचे विकताय की ठरावीक मुदतीसाठी? 'डीआरएम लावू का' एवढंच विचारणं म्हणजे डॉक्टरांना फोन करून 'गोळी घेऊ का' विचारण्यासारखं आहे.

पोकळ_बांबू
बासरीचे धडे. व्हिडिओ. हो किंवा नाही सांगितलंत तरी चालेल.

जुनी_कॅसेट
नाही.

आता कारण ऐका. माझी सगळी हयात हा खेळ बघण्यात गेली. डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप होतं, चाळीस बिटांची किल्ली. 1999 साली ते फुटलं. त्या प्रकरणात खटला चालला नॉर्वेतल्या योन योहान्सेन या पोरावर, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. 2003 मध्ये एका कंपनीने ऑडिओ सीडीसाठी संरक्षण काढलं. सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की ते चालूच होत नसे! प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने हे जाहीर केलं तर कंपनी त्याच्यावर दावा लावायला निघाली, मग हसं होतंय म्हटल्यावर गप्प बसली. आणि 2005 चं सोनी बीएमजी प्रकरण कोण विसरेल? पैसे मोजून घेतलेली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की आत रूटकिट (चोरून बसणारा प्रोग्राम) बसायचं, स्वतःला लपवायचं, आणि त्याच्या आडोशाने व्हायरसही लपायला लागले. शेवटी सीड्या परत मागवाव्या लागल्या. ज्यांनी फुकट उतरवलं त्यांच्या कॉम्प्युटरला काहीही झालं नाही. ज्यांनी पैसे दिले तेच फसले.

शिस्तप्रिय
कॅसेटकाका, वीस वर्षांपूर्वीच्या कथा सांगून आजचा निर्णय घ्यायचा का? तेव्हा किल्ली डिस्कमध्ये आणि प्लेअरमध्येच असायची. आता वाइडवाइन या गूगलच्या डीआरएमचा एल-वन प्रकार असेल तर कुलूप उघडण्याचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही ते दिसत नाही. मी व्हिडिओ वितरणात काम करतो. डीआरएम नसेल तर मोठे स्टुडिओ चित्रपट देतच नाहीत. एवढे सगळे मूर्ख आहेत का?

जुनी_कॅसेट
मूर्ख नाहीत, पण त्यांचे चित्रपट नेटवर सापडत नाहीत असं छातीठोक सांगा बरं.

शिस्तप्रिय
सापडतात. पण माझ्या मावशीला ते काढता येत नाहीत आणि तिच्या ग्रुपवरच्या नव्वद टक्के लोकांनाही नाही. डीआरएम त्यांच्यासाठी असतं, पट्टीच्या चोरांसाठी नाही.

कोडग्या
चोरांपैकी एकाने काढलं तरी पुढे मावशीला नुसतं फॉरवर्डच करायचं असतं ना? आणि एल-वनचं कौतुक करताना हेही सांगा की बऱ्याच डेस्कटॉप ब्राउझरमध्ये एल-थ्री चालतं, म्हणजे सगळा कारभार सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते याआधी फोडलं गेलंय. शिवाय एकट्या वाइडवाइनने भागत नाही. अ‍ॅपलच्या उपकरणांना फेअरप्ले लागतं, काही टीव्हींना आणि गेमिंग बॉक्सना प्लेरेडी. महाग योजना त्यामुळेच महाग असते.

ध्वनिवेडा
बासरीसाठी माइक कोणता वापरताय? फुंकीच्या अगदी समोर ठेवला तर हवेचाच फरफराट येतो. थोडा वर आणि बाजूला घ्या, बोटांच्या दिशेने. खोलीत जाड पडदे असतील तर उत्तम.

मीरा७७
याच विषयाशी निगडित प्रश्न. मी पूर्वी एका ऑनलाइन दुकानातून गाणी विकत घेतली होती (नाव घेत नाही). दुकान बंद झालं. जुन्या लॅपटॉपवर अजून वाजतात, नव्यावर परवाना सापडत नाही म्हणून वाजत नाहीत. काही करता येईल का?

जुनी_कॅसेट
मीराताई, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. 2008 मध्ये एमएसएन म्युझिकने (मायक्रोसॉफ्टचं गाण्यांचं दुकान) जाहीर केलं होतं की परवाने देणारे सर्व्हर बंद करणार. ओरड झाल्यावर मुदत वाढवली. याहूचं दुकानही त्याच वर्षी मिटलं. त्या दुकानात फाइल सीडीवर ऑडिओ म्हणून लिहायची सोय होती का बघा. जुना लॅपटॉप चालू आहे तोवर लिहून घ्या.

पोकळ_बांबू
अहो मंडळी, माझा प्रश्न??

कोडग्या
मग माहिती द्या की. मागच्या वेळी गळती नेमकी कशी झाली? कोणी व्हिडिओ उतरवून टाकले, की स्क्रीन रेकॉर्ड केली?

पोकळ_बांबू
दोन्ही नाही. एकाने कोर्स घेतला आणि लॉगिन-पासवर्डच ग्रुपवर टाकला. साथीच्या ट्रॅकच्या एमपी३ फाइली होत्या, त्या कोणीतरी झिप करून टाकल्या.

कोडग्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! पासवर्ड वाटला तर डीआरएम काय करणार? बरोबर पासवर्ड टाकून आलेल्याला ते इमाने इतबारे किल्ली देणारच. तुम्हाला हवंय ते एका खात्यावर एका वेळी एकच उपकरण, आणि नव्या उपकरणावर ओटीपी. साध्या योजनेत ही सोय आहे का ते आधी तपासा.

शिस्तप्रिय
हे मान्य. पण लॉगिन बंद केलं की तोच माणूस व्हिडिओ उतरवायला लागेल, तेव्हा डीआरएम आठवेल. साध्या योजनेत बहुतेक एचएलएसवर (तुकड्यातुकड्यांनी व्हिडिओ पाठवायची पद्धत) एईएस-१२८ हे साधं एन्क्रिप्शन लावलेलं असतं आणि 'एन्क्रिप्टेड' असं ठळक लिहिलेलं असतं. त्यात किल्ली थेट ब्राउझरला मिळते. ते डीआरएम नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

तारसप्तक
मी विद्यार्थिनी म्हणून लिहिते. दुसऱ्या एकांकडचा कोर्स घेतलाय, तो पूर्ण बंदिस्त अ‍ॅपमध्ये आहे. साथीचा ट्रॅकही त्याच अ‍ॅपमध्ये. माझ्या बासरीची पट्टी त्यांच्यापेक्षा अर्धा सूर खाली आहे आणि द्रुत तान मला अजून त्या लयीत जमत नाही. एमपी३ असती तर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून पट्टी उतरवली असती, लय कमी केली असती. इथे काहीच करता येत नाही. टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर बोटं बघावीत म्हटलं तर आवाज येतो, चित्र काळं. शेवटी फोन तानपुऱ्याजवळ टेकवून दुसऱ्या फोनने आवाज रेकॉर्ड केला आणि त्यावर रियाज करते. पैसे भरूनही हे करावं लागतंय. पुढचा भाग त्यांच्याकडून घेणार नाही.

कोडग्या
काळं चित्र म्हणजे एचडीसीपी, टीव्हीकडे जाणाऱ्या केबलवरचं कुलूप. मधली केबल किंवा टीव्ही जुना असेल. त्याची मूळ किल्ली 2010 मध्येच नेटवर आली होती, इंटेलने ते मान्यही केलं. कॉपी करणाऱ्यांचं काही अडलं नाही, अडतं ते तुमच्यासारख्यांचं.

जुनी_कॅसेट
आणि तारसप्तक यांनी दुसऱ्या फोनने जे केलं ते कुठल्याच डीआरएमला रोखता येणार नाही. स्पीकरमधून सूर बाहेर पडला की तो कोणीही पकडू शकतो. बासरी शिकवताय, सूर ऐकवल्याशिवाय कसे शिकवणार?

शिस्तप्रिय
मग संगीत-सेवा आजही डीआरएम का लावतात? स्ट्रीमिंगवर उतरवलेलं गाणं वर्गणी संपली की वाजत नाही. तिथे कोणी ओरडत नाही.

जुनी_कॅसेट
कारण तिथे माणूस विकत घेत नाही, महिन्यापुरतं ऐकतो आणि त्याला ते माहीत असतं. मुदतीसाठी दिलेल्या मालाला कुलूप असेल तर माझी तक्रार नाही. 'घ्या, तुमचं झालं' म्हणून विकायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, त्याला माझा विरोध आहे. गाणी विकणाऱ्यांनीसुद्धा हे शेवटी सोडलं. अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने 2007 मध्ये जाहीर पत्र लिहून कुलूप काढा म्हटलं, आधी ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी तयार झाली, आणि 2009 मध्ये आयट्यून्स या अ‍ॅपलच्या दुकानातल्या गाण्यांची कुलुपं गेली. गाणी विकणं त्याने बुडालं नाही.

कोडग्या
काका, त्यातली गंमत सांगायची राहिली. कुलूप काढलं तरी त्या फाइलींत विकत घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल असायचा. वाजवायला आडकाठी नाही, पण फाइल नेटवर टाकली तर कोणाची ते उघड. बांबूशेठ, तुमच्यासाठी हाच मार्ग. एमपी३ मोकळ्या द्या, पण प्रत्येकाच्या फाइलीत त्याचं नाव घाला. व्हिडिओवर खरेदीदाराचा ईमेल पुसट दिसत राहू दे, आणि उपकरणांवर मर्यादा. महाग योजना घेऊ नका.

शिस्तप्रिय
फाइलीतलं नाव पुसायला मिनिटभर लागतो.

कोडग्या
लागतो. पण तुमच्या त्या नव्वद टक्के मावश्यांना पुसता येतं का?

शिस्तप्रिय
:) बरं. पण मुदतीच्या कोर्ससाठी मी अजूनही डीआरएमच म्हणेन.

पोकळ_बांबू
मुदत नाही, कायमचा कोर्स आहे. साध्या योजनेत उपकरणाची मर्यादा आहे, आत्ताच विचारलं. ईमेल उमटवायची सोयही आहे, पण तो मजकूर पडद्यावर इकडून तिकडे फिरतो. मधे येत नाही का?

तारसप्तक
येतो! निदान डाव्या हाताच्या बोटांवर तरी येऊ देऊ नका. अर्धं भोक उघडं ठेवायचं असतं तिथे नेमका ईमेल आला तर मध्यम कोमल की तीव्र, काय कळणार? जागा ठरवता येत असेल तर पडद्याच्या वरच्या पट्टीतच फिरू द्या.

कोडग्या
कोमल मध्यम नसतो हो, शुद्ध. बाकी सहमत.

ध्वनिवेडा
माइकचं कोणी काही बोललं नाही.