'वाणी', 'आवाज' की 'हाक'? देवाचं ऐकणं मुलांना कुठल्या शब्दात सांगावं?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. गेल्या रविवारी बायबलमधलं योहान १०:२७ शिकवत होते, 'माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात'. सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "टीचर, वाणी म्हणजे दुकानवाला ना?" मी 'आवाज' असं सांगून पुढं गेले, पण ते मनात डाचत राहिलं. 'देवाचा आवाज' म्हटलं की मुलं खरोखरच कान टवकारतात. मोठी माणसं साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगताना, 'प्रभू माझ्याशी बोलला' म्हणतात. कसा बोलला, ते सांगत नाहीत. मग ती वाणी ओळखायची कशी, हे मुलांना कुठल्या शब्दात सांगू?

प्रतिसाद : टीचर, 'वाणी' सोडू नका. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं. आमच्या घरात चार पिढ्या हाच शब्द आहे. आवाज भांड्यांचाही होतो, मोटारीचाही. वाणी म्हटली की बोलणारा कोणीतरी आलाच. बायबलच्या मूळ भाषांत मात्र हा भेद नाही. ग्रीक 'फोने' आणि हिब्रू 'कोल' दोन्ही अर्थांनी चालतात. योहान १२ मध्ये स्वर्गातून वाणी होते तेव्हा जमावातले काही म्हणतात मेघ गडगडला, काही म्हणतात देवदूत बोलला. ध्वनी एकच होता.

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतली 'शांत, मंद वाणी' (१ राजे १९:१२) पाहा. हिब्रूत तिथे 'कोल देमामा दक्का' आहे. देमामा म्हणजे निःशब्द शांतता. (आपला 'दमामा' म्हणजे मोठा नगारा, तो फारसीतून आलेला, संबंध काही नाही, पण अर्थ नेमका उलटा!) 'दक्का' म्हणजे पातळ, बारीक. रानात पडलेल्या मान्न्याच्या (देवानं दिलेल्या अन्नाच्या) कणांना आणि फारोच्या स्वप्नातल्या रोडक्या गायींना हाच शब्द आहे. आपण 'ती बारीक आवाजात बोलली' म्हणतो, तो बारीक. 'मंद'पेक्षा मला हा जास्त जवळचा वाटतो.

प्रतिसाद : मी हुपरीकडचा. ऊस गेला की आमच्या रानात धनगर बकरी बसवतात, खतासाठी. (इकडं मेंढरांनाही बकरीच म्हणतात.) पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळलेले मी पाहिलेत. वेगळे करायला कुणी काठी घेऊन धावत नाही. दोघं दोन बाजूंना जाऊन आपापली हाळी देतात आणि जनावरं फुटून आपल्या माणसाकडं जातात. मी तीच हाळी देऊन बघितली, एकानंही मान वर केली नाही. त्यांना आवाज कुणी शिकवलेला नसतो. रोज त्याच्याच मागं चालून चालून ओळख पडते. ताई, मुलांना 'ओळख पडणे' हे सांगा.

प्रतिसाद : मराठी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून व्याकरणातलं एक सांगतो. 'मला ऐकू आलं' आणि 'मी ऐकलं' यांत फरक आहे. पहिल्यात कान काम करतो, दुसऱ्यात मी. शिवाय 'पोरगं ऐकत नाही' असं म्हटल्यावर त्याला कुणी कानाच्या डॉक्टरकडं नेत नाही! ऐकणे म्हणजे मानणे. हिब्रू 'शमा' अगदी असाच आहे, ऐकणं आणि आज्ञा पाळणं एकाच क्रियापदात. बायबलमधल्या लहान शमुवेलाला देवाचं बोलावणं तीनदा ऐकू आलं आणि तीनही वेळा, एली याजकानंच हाक मारली असं समजून, तो एलीकडं धावला. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' हे तो चौथ्या हाकेला म्हणतो, तेही एलीनं सांगितल्यावर. इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. आपल्या घराघरात ते रोज बोललं जातं.

प्रतिसाद : सर, तुमचं वाचून डोळे भरले. पण एक शब्द राहिला, पारख. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ मध्ये 'सर्व गोष्टींची पारख करा' आहे. हा गुजरीतला, म्हणजे आपल्या सराफ बाजारातला शब्द आहे. सोनं कसोटीवर घासल्याशिवाय सराफ भाव सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न 'मला प्रभूनं सांगितलंय' एवढ्या एका वाक्यावर ठरलं. बायबलच्या वचनाशी ते जुळतं का, हे कुणी विचारलं नाही. तिला स्वतःला काय वाटतं, तेही नाही. तिनं फार सोसलं. तेव्हापासून कुणी 'प्रभू बोलला' म्हणालं की मी शांतपणे विचारते, कुठल्या वचनातून? खरं असेल तर माणूस रागावत नाही, बसून सांगतो. टीचर, मुलांना हे विचारायची सवय आत्ताच लावा.

प्रश्नकर्ती : ताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार कसे मानू? पुढच्या रविवारी 'वाणी' फळ्यावर ठेवते, खाली 'बारीक' लिहिते आणि मुलांनाच विचारते की अंधारात आईची हाक कशी ओळखता. पारख मोठ्या वर्गाला घेईन. आता अजून एक शब्द अडलाय : 'प्रभूनं माझ्यावर ओझं घातलं' यातलं ओझं तुम्ही मुलांना कसं सांगता?