लेकराला मिरगीचा झटका आल्यावर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

‘झटका आला की लेकराला उचलून थेट नांदेड गाठा’ असं बरेच जण सांगतात, ते मला अर्धंच पटतं. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात. नांदेडला पोचायला दोन-अडीच तास लागतात. पोरगी चार वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही) आणि सोबत मिरगी. पहिल्या झटक्याला शेजारच्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, दातात चमचा घातला. त्या चमच्यानं तिचे ओठ फाटले. अजून आठवलं की जीव कालवतो.

मेंदूच्या डॉक्टरांनी नंतर जे शिकवलं ते इथं लिहिते. लेकराला कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ घशात जात नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. झटका ५ मिनिटांच्या वर गेला तर मिडाझोलामचा (झटका थांबवायच्या औषधाचा) नाकात मारायचा स्प्रे द्यायचा आणि लगेच गाडी काढायची, किंवा १०८ ला फोन. किती फवारे ते वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या. त्या औषधानं क्वचित श्वास मंदावतो, म्हणून वाटभर छातीवर नजर ठेवा. आमच्याकडं एक स्प्रे घरात असतो, एक अंगणवाडीच्या ताईंकडं. एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डिक्कीत मात्र ठेवू नका. आजी आता स्वतः घड्याळ धरून बसते.