मदत हवी आहे: बाबांच्या टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये पी१६ (पेशीतलं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह आलंय, एचपीव्हीची (ह्युमन पॅपिलोमा व्हायरसची) वेगळी टेस्ट करावी का?

पॅथॉलॉजीवाले कोणी आहे का इथे? बाबांच्या मानेत डावीकडे गाठ आली, दुखत नव्हती त्यामुळे दाढी करताना हाताला लागली तेव्हाच कळलं, सुई घालून तपासली तर नुसतं पाणीच निघालं, साधी सिस्ट असेल म्हणून दोन महिने आम्ही निवांत, आणि मग बायोप्सीत कळलं की कॅन्सर आहे आणि त्याचं मूळ टॉन्सिलमध्ये आहे. तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही हो त्यांनी.

रिपोर्टमध्ये नॉन-केराटिनायझिंग स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कॅन्सरचा प्रकार) लिहिलंय, पी१६ पॉझिटिव्ह, ७०% पेक्षा जास्त पेशींत, न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्हीकडे. मला वाचून समजलं ते असं की एचपीव्ही व्हायरसचं ई७ प्रोटीन आरबीला (पेशींची वाढ आवरणारं प्रोटीन) निकामी करतं आणि म्हणून पी१६ वाढतं, म्हणजे पी१६चा स्टेन (रंग देऊन केलेली तपासणी) थेट व्हायरस दाखवतच नाही, त्याचा परिणाम दाखवतो, बरोबर ना?

डॉक्टर म्हणतात टॉन्सिलच्या केसमध्ये एवढं पुरतं. तरी खात्रीसाठी आयएसएच किंवा पीसीआर (व्हायरसचा डीएनए/आरएनए थेट शोधणाऱ्या टेस्ट) करून घ्यावी का, आणि त्याच बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) होते का परत तुकडा काढावा लागतो? शिवाय कॅन्सर मानेतल्या गाठीपर्यंत पोचला असून स्टेज १ कशी सांगितली? एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवायचे नियम करणारी अमेरिकन संस्था) ८व्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्हचं स्टेजिंग वेगळं केलंय, ते हेच का? प्लीज सांगा, बाबा रोज विचारतायत.